साइटमॅप कशासाठी?

साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची शोधयंत्रांसाठी केलेली यादी. शोधयंत्र दुव्यांवरून पानोपानी फिरते. ज्या जुन्या दिवाळी अंकाकडे कुठूनच दुवा नाही, तो त्याला सहसा सापडत नाही. यादीत असला तर त्याचा पत्ता कळतो. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्टनेही ती स्वीकारली. एका फाइलमध्ये ५०,००० पर्यंत पत्ते मावतात.

पान शोधात दिसेलच, अशी हमी मात्र साइटमॅप देत नाही. शिवाय युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाही. म्हणून जुने अंक आधी युनिकोडमध्ये आणावेत, मग यादीत घालावेत. जर्सी सिटीत नव्याने आलेले कुटुंब मराठीतूनच शोधू लागले, तर आपला पत्ता त्यांना लागायला हवा!