गळतीवरचा विजय : मोटारीच्या द्रवचालित क्लचची कथा

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत, माळशेजचा घाट चढून देशावर आलें म्हणजे ओतूरच्या वाटेवर मढ हें गांव लागतें. एके काळीं भोंवतालच्या गांवांची तरफ या गांवाच्या नांवानें ओळखली जाई. 'पारगांव तर्फे मढ' या नांवांत ती खूण अद्याप उरली आहे. कोंकणांतून देशावर येणाऱ्या या वाटा फार प्राचीन. जवळच्या नाणेघाटांत सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. शतकानुशतकें येथें बैलांच्या पाठीवरून माल चढला. बैल थकला तर तें हांकणाऱ्यास दिसे. मोटारीचें तसें नाहीं. चालकाच्या पायाचें बळ झांकलेल्या नळींतून जातें, आणि तें ओसरूं लागलें कीं त्याची पहिली खूण एखाद्या ओलसर डागाएवढीच असते. तो डाग वेळीं ओळखणें हें पुष्कळदां जिवाशीं गांठ असलेलें काम ठरतें.

इंजिन आणि गिअर यांची जोड क्षणभर सोडविणें हें क्लचचें कार्य. पूर्वीं पायाचा दाब लोखंडी दांड्यांनीं किंवा तारेनें क्लचपर्यंत नेत; आजही कित्येक गाड्यांत तार असते. द्रवचालित क्लचमध्यें हेंच काम तेल करतें. पायाखालच्या पेडलची दांडी 'मास्टर सिलिंडर'मधील दट्ट्या ढकलते, तेल नळींतून गिअरपेटीजवळच्या 'स्लेव्ह सिलिंडर'मध्यें जातें आणि तेथील दट्ट्या क्लच सोडवितो. नळी हवी तशी वळवितां येते, आणि रबरी बैठकीवर हलणाऱ्या इंजिनाचा तिला अडथळा होत नाहीं.

या युक्तीचें मूळ सतराव्या शतकांत आहे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सिद्धान्त फ्रेंच पंडित पास्कल यानें मांडला. एका तोंडाहून दुसरें शंभरपट मोठें असलेलें पाण्याचें भांडें घेतलें, तर लहान तोंडावर दाबणारा एक माणूस मोठ्या तोंडावरील शंभर माणसांची बरोबरी करील, असें त्यानें लिहून ठेविलें. त्याचा हा ग्रंथ १६६३ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. परंतु या सिद्धान्तावर चालणारें उपयुक्त यंत्र निघावयास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. कारण एकच : गळती. दट्ट्या सैल ठेवावा तर पाणी निसटतें, घट्ट बसवावा तर तो हलत नाहीं.

इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ मध्यें जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि तेथेंही हाच पेंच उभा राहिला. तो सोडविण्याचें श्रेय त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले या कारागिरास देतात. त्याची तोड म्हणजे चामड्याची वाटी. दाब वाढला कीं वाटीची कड पसरून भिंतीस चिकटे, दाब जातांच सैल होई. शत्रूच्याच बळानें दरवाजा बंद करावा, तशी ही युक्ति!

पुढें अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें हें तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लाविलें, आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडींत चारही चाकांस द्रवचालित ब्रेक आले. तेथेंही चामडें गळूं लागलें. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठीं चामड्याऐवजीं रबरी वाट्या योजल्या, तेव्हां ब्रेक भरंवशाचे झाले. खनिज तेलानें रबर फुगतें, म्हणून प्रारंभीं एरंडेल आणि अल्कोहोल यांचें मिश्रण वापरीत. ज्या एरंडेलाचा चमचा पाहून घरोघरचीं मुलें पळ काढीत, त्यानें मोटारी थांबविल्या! त्याच कुळांतला द्रवचालित क्लच आपल्याकडे अँबॅसडर गाडीनें घरोघर नेला; १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघूं लागलेली ही गाडी २०१४ पर्यंत तयार होत होती.

आतां गळतीची परीक्षा. पेडल मऊ लागतें, निम्मेंअधिक खालीं जाऊन मग धरतें, गिअर कुरकुरत पडतो. मागें जाण्याचा गिअर तर विशेषच. अशा वेळीं प्रथम तेलाची टांकी पाहावी. पातळी उतरली असेल तर तेल कोठें तरी गेलेंच आहे. पेडलजवळ, आंतल्या बाजूस, दांडीच्या मुळाशीं ओल असेल तर दोष मास्टर सिलिंडरचा. गिअरपेटीशेजारीं थेंब असतील तर स्लेव्हचा किंवा नळीचा. कांहीं नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरपेटीच्या पोटांत असतो; तेथें पोंचावयास पेटीच उतरवावी लागते. बाहेर कोठें ओल नाहीं, पातळी कायम आहे, आणि तरीही दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जातें, तर मास्टर सिलिंडरमधील वाटी झिजून तेल आंतल्या आंत मागें परततें आहे, असा संशय धरावा.

सिलिंडर उघडल्यावर त्याची आंतली भिंत बोटानें चांचपावी. ती गुळगुळीत असेल तर नवें रबरी किट घालून भागतें. गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवें किट लवकरच फाटतें, सिलिंडरच बदलणें श्रेयस्कर. ब्रेकचें हल्लींचें प्रचलित तेल हवेंतील ओल शोषतें आणि त्या ओलीनें गंज चढतो. म्हणून फार दिवस उघडा पडलेला डबा वापरूं नये. रबर पेट्रोलनें किंवा इंजिनच्या तेलानें धुऊं नये. शेवटीं नळींतील हवा काढावी. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल उघडून बुडबुडे जाऊं द्यावे व पेडल सोडण्याआधीं तें बंद करावें. द्रव दबत नाहीं, हवा दबते. एवढाशा बुडबुड्यांत पायाचें बळ जिरून जातें.

कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टांकी एकच असते. क्लचची वाट बहुधा वरच्या बाजूस ठेवितात, कीं गळतीनें आधीं क्लच जावा व ब्रेकपुरतें तेल खालीं राहावें. ही यंत्रकारानें दिलेली सूचनाच होय. ती ऐकून न ऐकल्यासारखें करणारे लोक रोज थोडें तेल ओततात आणि गाडी हांकतात. ओतलेलें तेल गळती झांकतें, थांबवीत नाहीं. मढकडून पावसाळी धुक्यांत माळशेज उतरूं पाहणाऱ्या कुटुंबानें पास्कलचें नांव विसरलें तरी चालेल. परंतु निघण्यापूर्वीं टांकीचें झांकण आणि पेडलखालची ओल पाहण्यास मात्र विसरूं नये.