'ग्रातुलारी' आणि अभिनंदन

परीक्षेचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात पेढ्यांचा पुडा आधी देवापुढे ठेवला जातो आणि मग घरोघर फिरतो. देवाचे आभार आणि माणसाचे अभिनंदन ही आपल्या लेखी दोन वेगळी कृत्ये आहेत. लॅटिन भाषेत मात्र या दोहोंसाठी एकच क्रियापद होते : 'ग्रातुलारी'.

हे क्रियापद 'ग्रातुस' या विशेषणाशी निगडित आहे. जे आनंद देते ते ग्रातुस आणि त्या आनंदाची जो जाण ठेवतो तोही ग्रातुस. साहजिकच ग्रातुलारी म्हणजे दुसऱ्याच्या भाग्याबद्दल हर्ष व्यक्त करणे, तसेच देवांचे आभार मानणे. इ. स. पूर्व ६३ मध्ये कातिलिनाचा कट उधळल्याबद्दल रोमच्या सिनेटने सिसेरोच्या नावे देवांचे सार्वजनिक आभार मानण्याचा ठराव केला. एरवी हा मान विजयी सेनापतींचा. कातिलिनाविरुद्धच्या चौथ्या भाषणात सिसेरो या ठरावाचा उल्लेख 'ग्रातुलातिओ' याच शब्दाने करतो. गौरव माणसाचा, पण आभार देवांचे!

ग्रातुसचे मूळ आपल्याला परके नाही. 'स्तुती करणे' या अर्थाचा संस्कृत 'गॄ' धातू आणि त्यापासून झालेले वैदिक 'गूर्त' हे रूप त्याच कुळातले. म्हणजे रोमन अभिनंदनाच्या मुळाशी स्तुती आहे.

आपले 'अभिनंदन' मात्र 'नन्द्' धातूचे, म्हणजे हर्षाचे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना हेच क्रियापद नकारार्थी येते : शुभ प्राप्त झाले तरी तो हर्षित होत नाही. तेथे अभिनंदन ही मनाची अवस्था आहे. दुसऱ्याला उद्देशून उच्चारलेला शब्द नव्हे. आज आपण अभिनंदन 'करतो'. चौकातल्या फलकावर ते 'हार्दिक' असते, परंतु त्यात हर्ष कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

'नन्द्' धातूपासूनच मराठीला 'नांदणे' मिळाले. लेक सासरी नांदते, घरात सुख नांदते. घटकाभराचा पाहुणा नांदत नाही. दुसऱ्याचे यश आपल्या मनात असे नांदू लागले, तरच अभिनंदन हा शब्द आपल्या मुळाशी इमान राखतो.