ठाण्याचा किल्ला आणि शस्त्रबंदी
पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला. खाडीवर तोफा ज्याच्या, साष्टी बेट त्याचे, हे त्यामागचे गणित होते. बांधकाम अपुरे असतानाच 1737 मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी हल्ला करून घेतला. पुढे त्याचे कारागृह झाले.

या कारागृहाशी शस्त्रबंदीची कथाही जोडली गेली. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीयांना मात्र सूट होती. हा भेद उघड अन्यायाचा होता. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने कायदा बदलण्याची मागणी केली. अर्जविनंत्यांवर विश्वास न उरलेल्या तरुणांनी गुप्त मार्ग धरला. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चोरून धाडली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन त्यांतल्याच एका पिस्तुलाच्या गोळीला बळी पडला. या खुनासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या याच कारागृहात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते.

स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा शस्त्र कायदा केला. त्यात वंशभेदाला जागा उरली नाही. बंदुकीसाठी परवान्याची अट मात्र कायम राहिली.