धर्माची परीक्षा नेहमी कुणाला द्यावी लागते?



निवडणूक आली की उमेदवाराच्या धर्माची चर्चा सुरू होते. पण हा प्रश्न सर्वांना सारखा विचारला जातो का? अमेरिकेचा इतिहास पाहू.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील सहावे कलम स्पष्ट सांगते : कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट नसेल. तरीही १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते कॅथलिक असल्यामुळे त्यांच्यावर रान उठवले गेले. हा माणूस पोपच्या हुकमाने देश चालवेल, असा प्रचार झाला. कु क्लक्स क्लान त्यात पुढे होती. आर्थिक भरभराट आणि दारूबंदी हीसुद्धा पराभवाची कारणे होती. पण धर्माचे विष मोठे होते. आता गंमत पाहा. विजयी झालेले हूवर क्वेकर, म्हणजे कॅथलिकांपेक्षा कितीतरी लहान पंथाचे. त्यांच्या देशनिष्ठेवर असा संशय कुणी घेतला नाही.

१९६० मध्ये जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा तोच संशय पुन्हा आला. प्रोटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनियाची प्राथमिक निवडणूक जिंकूनही तो थांबला नाही. अखेर १२ सप्टेंबरला ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत ते उभे राहिले. त्यांनी आपला धर्म लपवला नाही, सोडलाही नाही. मी कॅथलिकांचा उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे, चर्च आणि राज्य वेगळे असले पाहिजेत, सदसद्विवेक आणि राष्ट्रहित यांत कधी संघर्ष आला तर मी राजीनामा देईन, असे त्यांनी सांगितले. आज बोट माझ्याकडे आहे, उद्या तुमच्याकडे असेल, हा इशाराही दिला. समोरचे उमेदवार निक्सन क्वेकर घरातले. त्यांना अशा सभेत उभे राहावे लागले नाही!

पण आपल्यासाठी महत्त्वाची घटना ऑक्टोबरमधली आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक होऊन जॉर्जियाच्या तुरुंगात टाकले गेले. केनेडींनी त्यांच्या पत्नी कोरेटा यांना फोन केला; निक्सन गप्प राहिले. किंग यांचे वडील बॅप्टिस्ट धर्मगुरू. केनेडी कॅथलिक म्हणून त्यांचा विरोध होता. या फोननंतर त्यांनी उघडपणे केनेडींना पाठिंबा दिला. ही बातमी पत्रकांतून कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पोहोचली. जवळपास ६ कोटी ८८ लाख मतदानात केनेडी सुमारे १ लाख १२ हजार मतांनी पुढे राहिले. फोन मतांचा हिशेब ठेवूनच केला असेल. तरीही अन्यायाच्या वेळी कोण सोबत उभा राहिला, या प्रश्नाने धर्माच्या भिंतीला खिंडार पाडले.

आता आपल्याकडे या. अमेरिकेत समाज परीक्षा घेत होता, कायदा नव्हे. आपल्याकडे कायद्यानेच घेतली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा बौद्धांचा मार्ग बंद झाला. १९६२ मध्ये नागपुरात राखीव जागेवर निवडून आलेल्या डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून, सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. वस्ती तीच, जातीचे चटके तेच. फक्त धर्म बदलला म्हणून हक्क गेला. तो परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांसाठी ते दार अजूनही बंद आहे.

म्हणून उमेदवार कोणत्या विहारात, मंदिरात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जातो, हे विचारत बसू नका. अत्याचार झाला तेव्हा तो कुठे होता, हे विचारा. आणि हा प्रश्न "आपल्या" उमेदवारालाही विचारा. जयभीम म्हणणारा प्रत्येक जण आपल्या बाजूने उभा राहतोच असे नाही.