कोंडलेला दाब

मे महिन्यात चार दिवस गावी जाऊन आलो. दुपारी जेवून ओसरीवर जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात अंगणातून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले. पुतण्या ट्रॅक्टरला पलटी नांगर जोडत होता. नांगर पलटवणाऱ्या जॅकचे दोन पाईप. एक ट्रॅक्टरच्या मागच्या कपलिंगमध्ये खट्‌कन बसला, दुसरा काही केल्या बसेना. म्हणून साहेबांनी हातोडी घेतली होती.

"ठेव ती खाली!" आण्णा आतूनच ओरडले. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, सहसा आवाज न चढवणारा माणूस. बाहेर आले, पाईपाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "तापलाय. सकाळी बसतो तो दुपारी बसत नाही, यात हातोडीचा काय संबंध?"

माझी झोप उडाली. खरंच, काय संबंध? शहरात परतल्यावर शोधत बसलो आणि शोधता शोधता पार सतराव्या शतकात जाऊन पोचलो.

शाळेत पास्कलचा नियम आपण सगळ्यांनीच घोकलाय. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. पास्कल गेला १६६२ साली, आणि त्याचा यावरचा ग्रंथ छापला गेला तो १६६३ साली. त्या नियमाचं यंत्र व्हायला मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. लंडनमधल्या जोसेफ ब्रामा नावाच्या कुलपं बनवणाऱ्या कारागिराने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. त्याची खरी डोकेदुखी होती गळती. त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्लेने म्हणे त्यावर कातड्याची अशी वाटी काढली, की दाब वाढेल तशी ती आपणच जास्त घट्ट बसायची. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर आला विल्यम आर्मस्ट्राँग. हा पेशाने वकील, पण जीव यंत्रांत. त्याने पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन केली, आणि १८५०च्या सुमारास दाब साठवून ठेवायची सोय काढली. उभ्या नळकांड्यातल्या पाण्यावर प्रचंड वजन ठेवायचं. हवा तेव्हा दाब तयार. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या कमानी अशाच साठवलेल्या दाबावर उघडायच्या. म्हणजे कोंडलेला दाब ही तेव्हा कमावलेली गोष्ट होती, आणि तो कुठे आहे हे वरच्या वजनाकडे बघून कळायचं.

शेतात हा दाब आणला हॅरी फर्ग्युसनने. हा आयर्लंडचा. त्या काळी ट्रॅक्टर नांगराला बैलासारखा नुसता ओढायचा. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडलं आणि उचलायचं काम तेलाच्या दाबावर सोपवलं. त्याचं पेटंट १९२६चं. पुढे १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, १९३९ मध्ये फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. (तो करार नंतर कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटला, पण तो वेगळाच विषय.)

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की फर्ग्युसनच्या रचनेत जॅक आणि तेल दोन्ही ट्रॅक्टरच्या पोटातच होतं. अवजार काढा, जोडा, तेलाला धक्का नाही. पण साधारण १९४०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत जॅक ट्रॅक्टरबाहेर, थेट अवजारावर बसवायला लागले. मग पाईप आले, आणि पाईप रोज काढायचे-घालायचे तर तेल न सांडणारी कपलिंगं आली. आपल्या अंगणातला घोळ सुरू होतो तो इथे.

कपलिंगच्या दोन्ही तोंडांत एकेक छोटा वॉल्व्ह असतो. जोडताना दोघं एकमेकांना मागे ढकलतात आणि वाट मोकळी होते. काढलं की स्प्रिंग तो बंद करते. आत दाब राहिला तर तोच दाब वॉल्व्हला आणखी घट्ट बसवतो. मॉड्स्लेच्या वाटीसारखंच! गळू नये म्हणून केलेली हुशारी आता उघडू देत नाही. १०० बार दाब आणि एक चौरस सेंटिमीटरचा वॉल्व्ह धरला, तर तो ढकलायला शंभर किलोचा जोर हवा. अंगठ्याने कसा ढकलणार?

आणि ऊन? बंद पोलादी जागेत कोंडलेलं तेल एक अंश तापलं तर दाब साधारण १० बारने वाढू शकतो. रबरी पाईप थोडा फुगतो म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी होते, पण मे महिन्यातलं दुपारचं ऊन काय करत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. आण्णांचं "सकाळी बसतो, दुपारी बसत नाही" हे शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं.

त्यांना ते कुठून कळलं? उजव्या हाताच्या तर्जनीतून. तिला पुढचं पेर नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच न बसणारा पाईप त्यांनी नट ढिला करून "जरा सोडून" बघितला होता. बारीक धार बोटात घुसली. काटा टोचल्याएवढी खूण, दुखलंही फारसं नाही. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडल्यावर दवाखाना. अशा वेळी तेल कातडीखाली पसरतं आणि आतून मांस सडवतं. काही तासांत ऑपरेशन लागतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक कपाटात होतं, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

उपाय ऐकाल तर हसाल. पाईप काढण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर दोन-चारदा मागे-पुढे करायचा. बस्स. कोंडलेला दाब टाकीत परत जातो. आता दाब असतानाही जोडता येतील अशी कपलिंगंही निघाली आहेत, पण आमच्या अंगणापर्यंत ती अजून आलेली नाहीत.

आण्णांनी त्या दिवशी पाईपावर ओलं पोतं टाकलं आणि पुतण्याला चहा करायला पाठवलं. संध्याकाळी पाईप एका हाताने बसला. दुसऱ्या दिवशी नांगर सोडताना मी मुद्दाम उभा राहून बघत होतो. पुतण्याने इंजिन बंद केलं, लिव्हर मागे-पुढे केला, आणि मगच पाईपाला हात घातला. आण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचे थांबले होते, एवढं मी बघितलं.

असो. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर आज संध्याकाळी घरच्या पोरांना ही लिव्हरची गोष्ट तेवढी सांगा.