वेस्ट्रालिया : एका इंधननळीचा घटनाक्रम

काही आठवडे आधी

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थजवळ, गार्डन बेट आहे. तिथल्या नौदल तळावर 'वेस्ट्रालिया' दुरुस्तीला लागली होती. सुमारे 171 मीटर लांबीचं हे जहाज भर समुद्रात युद्धनौकांना इंधन पुरवायचं. बांधणी इंग्लंडमधल्या बर्कनहेडची. आधी ते 'ॲपललीफ' नावाने ब्रिटिशांकडे होतं, फॉकलंडच्या युद्धातही गेलं होतं. 1989 मध्ये ते ऑस्ट्रेलियन नौदलाकडे आलं. पोटात दोन पील्स्टिक डिझेल इंजिनं, प्रत्येकी 14 सिलिंडरची.

इंजिनवरच्या इंधनाच्या धातूच्या पाइपांचे सांधे गळत होते. आवळले की चार दिवस बरं, मग पुन्हा ओलं. इंजिनरूममध्ये काम केलेल्या कुणालाही हा वैताग ठाऊक असेल: हातात पाना, बोटांना डिझेलचा वास, आणि उद्या पुन्हा तेच काम. त्यावर उपाय निघाला तो लवचिक नळ्यांचा. बाहेरून स्टेनलेस तारेची वेणी घातलेली, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून बसवलेली नळी. ती वाकते, इंजिनच्या थरथरीबरोबर हलते, त्यामुळे सांध्यावर ताण येत नाही. काम ठेकेदाराकडे गेलं, ठेकेदाराकडून नळ्या बनवणाऱ्याकडे.

माझ्या मते दुर्घटना इथेच ठरली, म्हणून इथे थोडं थांबतो. नळी निवडताना पाहिलं गेलं ते आत इंधनाचा दाब सरासरी किती आहे आणि नळी किती सोसते. त्या हिशेबात नळी पास होती. पण डिझेल इंजिनमध्ये इंधन नळाच्या पाण्यासारखं एका लयीत वाहत नाही. इंजेक्शन पंप इंधन प्रचंड दाबाने सिलिंडरमध्ये फवारतो आणि फवारा संपताच उरलेलं इंधन झटक्याने मागे सोडतो. तो झटका कमी दाबाच्या पाइपांमध्ये हातोडीसारखा बसतो. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 500 फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमागे मिनिटाला 250 ठोके, तासाला 15,000. साध्या दाबमापकाचा काटा ही ठोकाठोक दाखवत नाही, तो आपला सरासरीवर स्थिर. धातूचा जाड पाइप हे ठोके वर्षानुवर्षं खातो. वेणीतली बारीक तार प्रत्येक ठोक्याला कणभर ताणली जाते, सैल पडते, पुन्हा ताणली जाते. आपण तार हाताने मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसंच.

इंजिन बनवणाऱ्याला एक प्रश्न विचारला असता तर हे कळलं असतं. जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या लॉइड्स रजिस्टरपुढे हा बदल ठेवला असता, तरी कुणीतरी नक्कीच भुवई उंचावली असती. नौदलात असे बदल मंजूर करून घेण्याची रीतसर पद्धतही होती. यातलं काहीच झालं नाही. नळ्या बसल्या, गळती थांबली.

मंगळवार, 5 मे 1998. सकाळी 9 च्या सुमारास

वेस्ट्रालियाने धक्का सोडला. दोन्ही इंजिनं चालू, म्हणजे दोन्हीकडचे ठोकेही चालू.

10:20 च्या आसपास

डाव्या इंजिनवर इंधन गळताना दिसलं. नवी नळीच फुटली होती. इंजिन बंद केलं, माणसं गळतीच्या जागी गेली, सांडलेलं डिझेल आवरायला लागली. सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं.

हा पाव तास वाचताना माझा जीव दर वेळी वरखाली होतो. डाव्या इंजिनवरची नळी गेली, तेव्हा उजव्या इंजिनवर त्याच घडणीच्या, त्याच सुमारास लावलेल्या नळ्या होत्या. तेवढाच मार त्यांनीही खाल्ला होता. आणि ते इंजिन अजून फिरत होतं.

10:35

उजव्या इंजिनवरची नळी फुटली.

बादलीतल्या डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तर बहुतेक वेळा काडीच विझते, म्हणून डिझेलची भीती कमी वाटते. पण बारीक चिरेतून दाबाने उडालेलं डिझेल धुक्यासारखं पसरतं, आणि त्या धुक्याला ठिणगीसुद्धा लागत नाही, तापलेलं लोखंड पुरतं. म्हणूनच जहाजांच्या नियमात 220 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापणारे आणि इंधन उडालं तर ज्यावर पडू शकेल असे सगळे पृष्ठभाग झाकायला सांगितलेले आहेत. वेस्ट्रालियावर तो फवारा इंजिनच्या उघड्या, तापलेल्या भागावर गेला.

आग एका क्षणात वरपर्यंत गेली. काळा धूर इंजिनरूमभर पसरला. काही जण शिडी गाठून बाहेर पडले. चार जण आतच राहिले. त्यांत एक तरुण शिकाऊ महिला अधिकारी होती.

पुढची पंचवीस मिनिटं

श्वसनयंत्रं चढवून पथकं खाली उतरली. उष्णता इतकी होती की हातभर पुढे जाणं मुश्कील. आत चौघे आहेत हे वर सगळ्यांना माहीत होतं.

11 च्या सुमारास

इंजिनरूममध्ये कार्बन डायऑक्साइड सोडायचा निर्णय झाला. हा वायू हवा हटवून आग गुदमरवतो, आणि आत जिवंत माणूस असेल तर त्यालाही. जहाज इंधनाचं, आग इंजिनरूमला, आणि आत आपली चार माणसं. ज्याने तो हुकूम दिला त्याच्या जागी क्षणभर उभं राहायचीही माझी तयारी नाही. चौघांचे प्राण वायू सोडण्याआधीच, धुराने गेले होते, असं पुढे चौकशीत निष्पन्न झालं. पण त्या वेळी वर उभ्या असलेल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

वायू सोडल्यावर पथकं पुन्हा खाली गेली आणि उरलेली आग त्यांनी विझवली.

नंतर

वेस्ट्रालिया दुसऱ्याच्या दोरावर बंदरात परत आली. नौदलाचं चौकशी मंडळ बसलं, पुढे कॉरोनरपुढेही, म्हणजे मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, सुनावणी झाली. बोट पुन्हा पुन्हा नळीकडेच गेलं. जहाज दुरुस्त होऊन 2006 पर्यंत सेवेत राहिलं.

मोठ्या जहाजांवर उच्च दाबाच्या इंधन पाइपांना दुहेरी कवच हवं, म्हणजे आतला फुटला तरी इंधन बाहेरच्यात अडकेल आणि गजर होईल, हा नियम आंतरराष्ट्रीय करारात आहे. जुन्या जहाजांनाही तो 1 जुलै 2003 पासून बंधनकारक झाला. छोट्या बोटींसाठी निवड नळीवरच छापलेली असते. अमेरिकी खुणांमध्ये 'ए' वर्गाची नळी अडीच मिनिटं ज्वाळेत टिकते, 'बी' वर्गाची त्या परीक्षेला बसलेलीच नसते. पुढचा '1' आकडा सतत इंधन भरून राहणाऱ्या नळीसाठी, '2' टाकी भरण्याच्या आणि हवेच्या वाटेसाठी. इंजिनच्या बंद खणात, टाकीपासून इंजिनपर्यंत, 'ए1' घालावी. अडीच मिनिटांत इंजिन बंद करता येतं, टाकीची कॉक फिरवता येते, माणूस वर येतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एकदा एका ट्रॉलरच्या इंजिनपाशी वाकून पाहत होतो. गाळणीपासून पंपापर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकची नळी होती. पिवळी पडलेली, क्लिपखाली दबून पांढरी रेघ उमटलेली, आणि एक्झॉस्टपासून जेमतेम वीतभर दूर. तांडेलांना विचारलं, हीच का? ते म्हणाले, "हवा धरली तर दिसते ना, म्हणून ही."

कारण खरं होतं. भर समुद्रात इंजिनाने हवा धरली की पहिलं तेच शोधावं लागतं. मी त्यांना त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवायला सांगितलं. त्यांनी फिरवलं, बोटाला डिझेल लागलं. वास घेऊन त्यांनी ते लुंगीला पुसलं आणि खलाशाला हाक मारून टाकीची कॉक बंद करायला सांगितली.