मुंबई ओपन (टेनिस)

मुंबई ओपन ही मुंबई येथे भरविली जाणारी महिलांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिस स्पर्धा आहे. प्रायोजकाच्या नावावरून ती एल अँड टी मुंबई ओपन या नावानेही ओळखली जाते. महिला टेनिस संघटनेच्या (डब्ल्यूटीए) १२५ मालिकेतील ही स्पर्धा दक्षिण मुंबईत चर्चगेटजवळ असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या हार्ड कोर्टवर खेळली जाते. स्पर्धेचे आयोजन महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना करते.

पार्श्वभूमी

मुंबईत महिला टेनिसची परंपरा जुनी आहे. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव या स्वतः टेनिसपटू होत्या. त्यांची मुंबईत जन्मलेली कन्या लीला राव (विवाहानंतर लीला राव दयाळ) हिने १९३४ साली विंबल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. मुंबईच्याच निरुपमा मांकड यांनी १९७१ साली आनंद अमृतराज यांच्यासह विंबल्डनच्या मिश्र दुहेरीत भाग घेतला.

डब्ल्यूटीएने १२५ मालिका २०१२ साली सुरू केली. नावातील १२५ हा आकडा आरंभी सव्वा लाख अमेरिकी डॉलरच्या पारितोषिक रकमेचा निदर्शक होता. त्याच वर्षी या मालिकेतील एक स्पर्धा पुण्यात झाली. तिच्या अंतिम सामन्यात युक्रेनच्या एलिना स्वितोलिनाने जपानच्या किमिको दाते-क्रुमचा पराभव केला.

स्वरूप

महिला टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम स्पर्धांखालोखाल डब्ल्यूटीएच्या १०००, ५०० आणि २५० या श्रेणी येतात. १२५ मालिका त्यांच्या खालची, तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांच्या वरची पायरी मानली जाते. एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ खेळाडू असतात. काहींना क्रमवारीनुसार थेट, काहींना पात्रता फेरीतून, तर काहींना आयोजकांच्या वाइल्ड कार्डद्वारे प्रवेश मिळतो. २०२४ पासून या मालिकेतील एकेरीच्या विजेतीस क्रमवारीचे १२५ गुण मिळतात. त्यापूर्वी १६० गुण मिळत असत.

इतिहास

पहिली स्पर्धा नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. बेलारूसची १९ वर्षीय अरिना सबालेंका हिने अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाच्या डालिला याकुपोविचला ६–२, ६–३ असे हरविले. त्याच महिन्यात ती फेड चषकाच्या अंतिम लढतीत बेलारूसकडून खेळली होती. पुढे तिने २०२३ आणि २०२४ साली ऑस्ट्रेलियन ओपन तसेच २०२४ साली यूएस ओपन जिंकली आणि जागतिक क्रमवारीत प्रथम स्थान मिळविले.

२०१८ च्या स्पर्धेनंतर खंड पडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली. २०२५ ची विजेती यिल टाइखमन ही पूर्वी जागतिक क्रमवारीत २१ व्या स्थानापर्यंत पोहोचलेली खेळाडू होती.

एकेरीचे अंतिम सामने

• २०१७ – अरिना सबालेंका (बेलारूस) वि. डालिला याकुपोविच (स्लोव्हेनिया) : ६–२, ६–३
• २०१८ – लुक्सिका कुमखुम (थायलंड) वि. इरिना ख्रोमाचेवा (रशिया) : १–६, ६–२, ६–३
• २०२४ – दार्या सेमेनिस्ताया (लात्व्हिया) वि. स्टॉर्म हंटर (ऑस्ट्रेलिया) : ५–७, ७–६, ६–२
• २०२५ – यिल टाइखमन (स्वित्झर्लंड) वि. मनंचया सवांगकाएव (थायलंड) : ६–३, ६–४

भारतीय खेळाडू

वरील चारही स्पर्धांत एकेरीच्या अंतिम सामन्यात भारतीय खेळाडू पोहोचली नाही. २०२४ मध्ये सहजा यमलापल्लीने पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकेच्या केला डे हिला पराभूत केले. २०२५ मध्ये कोइम्बतूरची १५ वर्षीय माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. तेथे टाइखमनने तिचा ६–३, ६–१ असा पराभव केला.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील प्रार्थना ठोंबरे हिने नेदरलँड्सच्या आरियाने हार्तोनोसह २०२४ आणि २०२५ मध्ये दुहेरीचे उपविजेतेपद मिळविले. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झासह कांस्यपदक जिंकणारी प्रार्थना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही खेळली होती.

महत्त्व

ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीतील प्रवेश प्रामुख्याने जागतिक क्रमवारीवर ठरतो आणि क्रमवारीसाठी वर्षभर विविध देशांत खेळावे लागते. प्रवास, निवास व प्रशिक्षक यांचा खर्च खेळाडूलाच उचलावा लागत असल्याने खालच्या क्रमांकावरील खेळाडूंना हे कठीण जाते. मायदेशातील स्पर्धेमुळे हा खर्च कमी होतो, तसेच क्रमवारीनुसार थेट प्रवेश न मिळणाऱ्या भारतीय खेळाडूंना वाइल्ड कार्डमुळे वरच्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्याची संधी मिळते. २०१८ नंतर पडलेल्या खंडाच्या काळात मुंबईतील ही संधी उपलब्ध नव्हती.